कुलूप आपलंच, किल्लीही आपलीच!

अंधारातही हात घातला तर हळदीचा डबा कुठला आणि तिखटाचा कुठला, हे आपल्याला बरोबर कळतं. लॉकरची किल्ली कपाटात कुठल्या साडीखाली आहे, हेही आपल्यालाच ठाऊक असतं. पण मोबाइलवर बँकेची नाहीतर आधारची फाइल आली, ती उघडायला बोट लावलं आणि समोर 'पासवर्ड टाका' अशी चौकट आली, की आपला हात थबकतो. काहीतरी टाकून बघायचं. 'पासवर्ड चुकीचा' असं उत्तर येतं. पुन्हा टाकायचं, पुन्हा तेच. मग 'शनिवारी मुलगा पुण्याहून आला की बघेल' असं म्हणून फोन बाजूला!

शनिवारपर्यंत थांबता आलं तर ठीक. पण कुणाला उद्याच अर्ज भरायचा असतो, कुणाला दवाखान्यात विम्याचा कागद दाखवायचा असतो. मैत्रिणींनो, फाइल न उघडण्याची कारणं मोजून पाच-सहाच असतात आणि त्यातली बहुतेक आपल्या हातातली असतात.

आधी संदेश नीट वाचा

डोकं दुखतंय की पोट, हे सांगितल्याशिवाय डॉक्टर औषध देत नाहीत. तसंच इथे. 'पासवर्ड चुकीचा आहे' असं येत असेल तर फाइल चांगली आहे, किल्ली चुकतेय. 'फाइल उघडता येत नाही' किंवा 'फाइल खराब आहे' असं येत असेल, तर दोष फाइलमध्ये नाहीतर ती उघडणाऱ्या अ‍ॅपमध्ये आहे. तिथे शंभर वेळा पासवर्ड टाकला तरी उपयोग नाही. पहिलं निदान हे!

चूक बोटांची नाही, कीबोर्डची

मोबाइलवर सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो टाइप करताना. समजा, बचत गटाच्या सचिव ताईंना गटाच्या खात्याचा उतारा मेलवर आला. जन्मतारीख बरोबर, पासवर्डची रीत बरोबर, तरी फाइल उघडेना. कारण काय, तर फोनवर मराठी कीबोर्ड सुरू होता आणि आकडे मराठीत पडत होते! आपल्याला '५' म्हणजे पाचच. फोनला मात्र मराठी पाच आणि इंग्रजी पाच ही दोन वेगळी चिन्हं वाटतात. या लेखातले आकडे मराठीत छापलेत, पण पासवर्ड टाकताना ते इंग्रजीच हवेत, बरं का! कीबोर्डवरचं पृथ्वीच्या गोळ्याचं बटण दाबलं, की भाषा बदलते. ते बटण नसेल तर स्पेसची पट्टी थोडा वेळ दाबून धरा.

दुसरी गोष्ट कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांची. वर बाण असलेलं बटण एकदा दाबलं तर पुढचं एकच अक्षर मोठं येतं. पटकन दोनदा दाबलं तर सगळी अक्षरं मोठी येत राहतात. तिसरी गोष्ट म्हणजे रिकामी जागा. पासवर्ड मेसेजमधून कॉपी करून चिकटवला, की शेवटी एखादी स्पेस सोबत येते. डोळ्यांना ती दिसत नाही, फोनला दिसते. म्हणून पासवर्ड हातानेच टाकावा. चौकटीच्या कडेला डोळ्याचं चित्र असेल तर ते दाबा. टाकलेली अक्षरं दिसतात. इंग्रजी 'ओ' आणि शून्य, 'एल' आणि एक यांत गल्लत झाली असेल तर तीही तिथेच पकडता येते.

आधारची किल्ली आणि आपलं नाव

यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून उतरवलेल्या ई-आधारचा पासवर्ड आठ अक्षरांचा असतो. आधारवरच्या इंग्रजी नावातली पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि त्यापुढे जन्माचं वर्ष. ऐकायला सोपं आहे, पण बायकांच्या बाबतीत नेमकं इथेच अडतं.

नाव म्हणजे आधारवर जसं छापलंय तसं. घरात आपण 'पूजा' लिहिताना पी, यू, जे, ए लिहीत असू, पण आधारवर दोन 'ओ' असतील तर पहिली चार अक्षरं पी, ओ, ओ, जे होतात. 'सीमा'मध्ये दोन 'ई' आहेत की एक 'आय', हेही बघा. काहींच्या आधारवर आडनाव आधी असतं. मग चार अक्षरं आडनावाची.

ज्यांचं नाव इंग्रजीत तीनच अक्षरांचं, त्यांची आणखी गंमत. समजा, नाव 'उमा'. तीन अक्षरं झाली, चौथं कुठून आणायचं? मधली जागा सोडून पुढच्या नावाचं पहिलं अक्षर घ्यायचं. उमापुढे पतीचं नाव रमेश असेल तर यू, एम, ए, आर. माहेरचं आधार असेल आणि वडिलांचं नाव सुरेश असेल तर यू, एम, ए, एस! लग्नानंतर नाव बदलून घेतलं, तर नव्याने उतरवलेल्या फाइलला नव्या नावाची किल्ली लागते. मेलमध्ये पडून असलेली जुनी फाइल मात्र जुन्याच नावाने उघडते. नावापुढे दुसरं काही नसेलच, तर तीन अक्षरं आणि वर्ष, एवढ्यावर काम होतं.

आता जन्मवर्ष. आपल्याकडे कितीतरी जणींचा कागदोपत्री वाढदिवस १ जूनला असतो. आई सांगते, 'तू श्रावणातली', आणि शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिला १ जून. फाइलला आईची आठवण कळत नाही, तिला कागदावरचीच तारीख लागते. आधारवर एक वर्ष आणि पॅनवर दुसरं असेल, तर ज्या कार्डाची फाइल त्याच कार्डावरची तारीख टाकायची.

बाकीच्या फाइलींच्या किल्ल्या

ई-पॅनचा पासवर्ड म्हणजे जन्मतारखेचे आठ आकडे. आधी दिवस, मग महिना, मग वर्ष. मध्ये रेघ नाही की टिंब नाही. १ जून १९६८ असेल तर ०१०६१९६८. दिवसाआधीचं आणि महिन्याआधीचं शून्य विसरायचं नाही. आयकर खात्याच्या संकेतस्थळावरून वर्षभराच्या व्यवहारांची माहिती देणारं विवरण उतरवलं, तर त्याला पॅन क्रमांक आणि लगेच जन्मतारीख असा पासवर्ड असतो. पण इथे पॅनमधली अक्षरं स्मॉल हवीत. म्हणजे आधारला मोठी आणि इथे लहान! बँका आणि विमा कंपन्यांची प्रत्येकाची रीत वेगळी. ती बहुतेक वेळा त्याच मेलमध्ये लिहिलेली असते, पण आपण मजकूर न वाचता थेट फाइलवर बोट ठेवतो. मेल आधी वाचायचा, मग फाइल उघडायची.

किल्ली बरोबर, तरी दार बंद?

मग फाइल पूर्ण उतरली आहे का ते पाहा. रेंज मध्येच गेली किंवा फोनची जागा भरली, तर अर्धीच फाइल येते. फोनमधल्या 'डाउनलोड्स'मध्ये जाऊन तिचा आकार बघा. शून्य केबी दिसत असेल तर ती नुसती रिकामी पिशवी आहे. पुसून टाका, थोडी जागा मोकळी करा आणि पुन्हा उतरवा.

मेल किंवा व्हॉट्सअ‍ॅपमधूनच फाइल उघडत असाल, तर आधी ती फोनमध्ये साठवून घ्या. मग 'ओपन विथ' करून पीडीएफ वाचणारं अ‍ॅप निवडा. मेलमधली झलक दाखवणारी खिडकी कुलूपबंद फाइल प्रत्येक वेळी उघडतेच असं नाही. अ‍ॅप जुनं असेल तर प्ले स्टोअरवर जाऊन 'अपडेट' करा. यामागचं कारण साधं आहे. पीडीएफ हा प्रकार अ‍ॅडोबी कंपनीने १९९३ मध्ये आणला. तेव्हापासून त्याची कुलपं अधिकाधिक मजबूत होत गेली. नव्या धाटणीचं कुलूप जुन्या अ‍ॅपला ओळखताच येत नाही आणि मग फाइल उघडत नाही.

वर्ड किंवा एक्सेलची कुलूपबंद फाइल असेल, तर ती वर्ड किंवा एक्सेलच्याच अ‍ॅपमध्ये उघडून बघावी. फाइलच्या नावाच्या शेवटी 'झिप' असेल, तर ते अनेक कागदांचं बांधलेलं गाठोडं. फोनमधल्या साध्या अ‍ॅपला त्याची गाठ सुटली नाही, तर पासवर्ड चालणारं गाठोडं सोडण्याचं अ‍ॅप लागतं. 'रार' नावाचं अ‍ॅप हे काम करतं.

आणि हो, आधारची फाइल उघडली, पण सहीच्या जागी प्रश्नचिन्ह दिसलं, तर घाबरू नका. फाइल खोटी आहे असा त्याचा अर्थ नाही. ती डिजिटल सही अजून तपासलेली नाही, एवढंच ते चिन्ह सांगतं. संगणकावरच्या अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये ती तपासता येते.

अर्जासोबत जोडायची असेल तर

कुलूपबंद फाइल अर्जाला तशीच जोडली, तर पलीकडच्या माणसाला ती उघडता येत नाही आणि अर्ज अडकतो. अशा वेळी फाइल पासवर्ड टाकून उघडायची, मेन्यूमध्ये 'प्रिंट' निवडायचं आणि प्रिंटरच्या जागी 'सेव्ह अ‍ॅज पीडीएफ' घ्यायचं. बहुतेक फोनमध्ये अशी कुलूप नसलेली प्रत तयार होते. काम झालं की ती पुसून टाका. झेरॉक्सच्या दुकानात किंवा सायबर कॅफेत प्रिंट काढली, तर तिथल्या संगणकावरची फाइल आपल्या डोळ्यांसमोर पुसून घ्या. ई-आधारबाबत यूआयडीएआयही हेच सांगते. जिथे पूर्ण क्रमांकाची गरज नाही तिथे 'मास्क्ड आधार' द्यावं. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. २०१५ मध्ये सुरू झालेल्या सरकारच्या डिजिलॉकरमध्ये आधारसारखी कागदपत्रं साठवता आली, तर दर वेळी फाइल शोधण्याचा त्रासही वाचतो.

किल्ली बनवून देणाऱ्यांपासून सावध

'कुठलीही फाइल फुकट उघडून देतो' असं म्हणणारी संकेतस्थळं भरपूर आहेत. पण तिथे फाइल चढवली म्हणजे आपलं आधार, आपला खाते क्रमांक अनोळखी माणसाच्या घरी ठेवून आलो. पासवर्ड आठवतच नसेल तर ज्यांनी फाइल पाठवली त्यांच्याकडेच पुन्हा मागा. 'बँकेतून बोलतोय, हे अ‍ॅप घ्या, स्क्रीन दाखवा, मी उघडून देतो' असं कुणी म्हणालं, तर सरळ फोन ठेवा. लग्नपत्रिका नाहीतर गाडीच्या दंडाची पावती म्हणून आलेल्या फाइलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' असेल, तर तिला हातही लावू नका. तो कागद नसून फोनमध्ये घुसणारं अ‍ॅप असतं. फसवणूक झालीच, तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. आधारविषयी विचारायचं असेल तर १९४७.

हे सगळं कशासाठी?

कुणी म्हणेल, घरात उघडून देणारे आहेत की! आहेत, आणि त्यांची मदत घेण्यात कमीपणा नाही. पण ई-आधार उतरवायला आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. कितीतरी जणींच्या आधारला पतीचा नाहीतर मुलाचा नंबर जोडलेला असतो. म्हणजे कार्ड आपलं, नाव आपलं आणि दार उघडायला परवानगी दुसऱ्याची. आपल्याजवळ स्वतःचा नंबर असेल, तर आधार केंद्रावर जाऊन तो जोडून घ्या.

आणखी एक गोष्ट. बोलायला जड जातं, पण बोललं पाहिजे. घरातला कर्ता माणूस अचानक गेला, की विमा कुठला, ठेव कुठे, कर्ज किती, याची उत्तरं मेलमधल्या कुलूपबंद फाइलींमध्ये असतात. रडणारी बाई त्या वेळी पासवर्ड शोधत बसते. पैसे मिळवायला बँकेत, विमा कंपनीत रीतसर अर्ज करावाच लागतो. पण अर्ज कुठे करायचा, हे तर आधी कळायला हवं! म्हणून दोघांनी एकदा शांतपणे बसून एका वहीत लिहून ठेवावं. कुठल्या बँकेचा मेल येतो, फाइलच्या पासवर्डची रीत कोणती, कागदोपत्री जन्मतारीख कुठली, नॉमिनी कोण. खात्याचा पिन किंवा ओटीपी मात्र वहीत नको. आणि ती वही दागिन्यांजवळ ठेवावी, फोनच्या कव्हरमध्ये नाही.

सुरुवात आज दुपारीच करा. स्वतःचं आधार हातात घ्या, इंग्रजी नावातली पहिली चार अक्षरं मोजा, कीबोर्ड इंग्रजी करा आणि मेलमध्ये पडून असलेली ती फाइल उघडा. एकदा उघडली, की पुढची उघडायला शनिवारची वाट बघावी लागणार नाही. शेजारच्या वहिनींची अडली असेल, तर त्यांनाही दाखवा. फोन त्यांच्याच हातात राहू द्या, तुम्ही फक्त शेजारी बसा!