मोटारीतल्या टेपचा बंदोबस्त

कारंजा लाड हे वऱ्हाडातील जुने, व्यापाराने गजबजलेले नगर. त्याच्या संपत्तीची राखण तटाने आणि दिल्ली, दारव्हा, पोहा व मंगरूळ या चार वेशींनी करावी, अशी पूर्वीची व्यवस्था होती. आज श्रीनृसिंहसरस्वतींच्या जन्मस्थानी, गुरुमंदिरात, दर्शनास येणारा भाविक आपली मोटार मिळेल त्या मोकळ्या जागी उभी करतो, आणि पौष शुद्ध द्वितीयेच्या जयंतीसारख्या पर्वकाळी तर दर्शन व महाप्रसाद आटोपून परतेपर्यंत ती तासन्‌तास धन्याच्या दृष्टीआड राहते. दारांना कुलपे असली तरी काच फोडून आतला टेप उपटून नेण्यास सराईत चोराला फार वेळ लागत नाही. मालकाच्या वाट्यास मात्र तुटलेल्या तारा, मोडका डॅशबोर्ड आणि परगावची विवंचना येते.

या चोरीचे मूळ जाणल्यावाचून तिला प्रतिबंध करता येणार नाही. १९३० साली अमेरिकेत पॉल गॅल्विन यांच्या कारखान्याने मोटोरोला या नावाने मोटारीतील रेडिओ विकण्यास आरंभ केला, तेव्हा तो बसविणे हेच मोठे जिकिरीचे काम होते. पुढे जर्मन मानकाने या यंत्राच्या दर्शनी भागाचे माप १८० मिलिमीटर रुंद व ५० मिलिमीटर उंच असे निश्चित केले, ते जगभर रूढ झाले, आणि एका गाडीतला टेप दुसऱ्या गाडीच्या खाचेत सहज बसू लागला. पडद्याचे मोठे टेप आले तेव्हा त्यांची उंचीही याच मापाच्या दुप्पट धरण्यात आली. या एकरूपतेने ग्राहकाची सोय झाली, तशी चोराच्या मालालाही बाजारपेठ मिळाली. म्हणूनच जो टेप दुसऱ्याच्या गाडीत चालणारच नाही, तो सर्वांत सुरक्षित, हे या विषयातले मुख्य सूत्र होय.

कारखानदारांनी योजलेले उपाय याच सूत्रावर उभे आहेत. काही टेपांची दर्शनी पट्टी काढून घेता येते. ती नसेल तर उरलेला सांगाडा निरुपयोगी ठरतो. मात्र ती पट्टी गाडीतल्याच कप्प्यात ठेवली तर सारी तजवीज व्यर्थ जाते. ती खिशात किंवा पिशवीत घालून बरोबरच नेली पाहिजे. दुसरा उपाय सांकेतिक अंकाचा: बॅटरीचा प्रवाह एकदा खंडित झाला की असा टेप तो अंक मागतो, आणि चुकीच्या अंकाला दाद देत नाही. हा अंक घरच्या कागदपत्रांत जपावा, गाडीत लिहून ठेवू नये. आजच्या नव्या मोटारींत कंपनीने बसविलेला पडदा पुष्कळदा गाडीच्या इतर यंत्रणेशी जोडलेला असतो, त्यामुळे तो अन्यत्र चालविणे कठीण जाते. पण बाजारातून घेऊन नंतर बसविलेल्या पडद्याला असे संरक्षण असेलच असे नाही, आणि म्हणून तो विकत घेतानाच त्यात सांकेतिक कुलपाची सोय आहे काय, हे विचारून घ्यावे. बसविणाऱ्या कारागिराला केवळ पुढच्या चौकटीवर न विसंबता मागच्या बाजूनेही टेप पट्टीने व स्क्रूने पक्का आवळण्यास सांगावे. गाडी उजेडात, रहदारीच्या जागी उभी करावी, आणि आसनावर पिशवी वा मोबाईल दिसू देऊ नये; कारण पिशवीसाठी फुटलेल्या काचेतून टेपही जातो.

इतके करूनही चोरी झालीच, तर दस्तऐवज हाच आधार. टेपच्या धातूच्या पेटीवरील अनुक्रमांक टिपून ठेवावा, त्याचे छायाचित्र घ्यावे, पावती जपावी आणि शक्य तर पेटीवर गाडीचा क्रमांक कोरून घ्यावा. मुद्देमाल सापडला तरी तो आपलाच आहे हे त्यावाचून सिद्ध करणे कठीण जाते. कंपनीच्या मूळ किमतीत नसलेला, नंतर बसविलेला टेप विमापत्रात स्वतंत्रपणे नोंदवून त्याचा जादा हप्ता भरलेला असेल, तरच त्याची भरपाई मागता येते. फिर्याद देण्यास विलंब करू नये: १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार हद्दीचा प्रश्न न येता कोणत्याही ठाण्यात माहिती देता येते, आणि ती इलेक्ट्रॉनिक माध्यमाने पाठविली तर तीन दिवसांच्या आत सही करावी लागते. तथापि यात्रेकरूने शक्य तर तेथल्याच ठाण्यात जावे, आणि पंचनामा होईपर्यंत फुटलेल्या काचेला हात लावू नये.

परंतु हा सारा बंदोबस्त गाडीच्या मालकानेच करावा आणि समाजाने स्वस्थ राहावे, हे न्याय्य नव्हे. चोर टेप ऐकण्यासाठी चोरीत नाही, विकण्यासाठी चोरतो. तेव्हा पावतीवाचून, निम्म्या भावात, तुटलेल्या तारांसह मिळणारा टेप घेणारा इसम त्या चोरीचा भागीदारच होतो. भारतीय न्याय संहितेत चोरीस जशी तीन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे, तशीच चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्यासही आहे. जुना टेप घेताना दुकानदाराने विक्रेत्याची ओळख व पावती मागावी, ग्राहकाने दुकानदाराची मागावी, आणि दोन्हींचा अभाव असेल तर सौदा मोडावा. असा एकेक सौदा मोडत गेला, म्हणजे काच फोडण्याचे श्रम चोराला परवडेनासे होतील.