असीरगडची सोन्याची मोहर

आमचा धंदा कापडाचा, सोन्याचांदीचा नव्हे. तरी जळगाव-धुळ्याकडे दुकान चालवणाऱ्या माणसापुढे जुने नाणे कधी ना कधी येतेच. एकदा एक अनोळखी गृहस्थ आमच्या दुकानी आले. रुमालातून पिवळे नाणे काढून म्हणाले, "शेतात सापडली, अकबरी मोहर आहे, नड आहे म्हणून विकतो." आम्ही उर्दू शाळेत शिकलेले. नाणे उजेडात धरले तर अक्षरे होती, पण त्यांचा एकही शब्द जुळेना. नाणे मुकाट्याने परत केले. म्हणून आज खऱ्या मोहरेची थोडी माहिती देत आहोत.

खानदेशात फारुकी घराण्याची सत्ता १३८२ च्या सुमारास थाळनेर येथे सुरू झाली. हे गाव आज धुळे जिल्ह्यात आहे. पुढे राजधानी बुऱ्हाणपूरला गेली. शेवटचा सुलतान बहादूरखान असीरगडात अडकला आणि दीर्घ वेढ्यानंतर जानेवारी १६०१ मध्ये किल्ला अकबराच्या हाती आला. शाहजादा दानियालच्या नावावरून बादशहाने खानदेशाला 'दानदेश' म्हटले.

या विजयाची एक मोहर पाडली गेली. एका बाजूला बहिरी ससाणा, दुसऱ्या बाजूला 'ज़र्ब असीर', महिना इस्फंदारमुज आणि इलाही सन ४५. हा इलाही वर्षाचा शेवटचा महिना, म्हणजे १६०१ चा फेब्रुवारी-मार्च. मोगल नाण्यांवर सहसा फक्त अक्षरे असत. म्हणूनच चित्राची ही मोहर दुर्मिळ. एक नग लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. अकबरी मोहरेचे वजन सुमारे ११ ग्रॅम, सोने जवळजवळ शुद्ध. त्याच काळात जर्मनीतील हॅम्बुर्ग शहर दहा डुकाटांचे, सुमारे ३५ ग्रॅमचे मोठे सोन्याचे नाणे पाडत असे.

हे सोने आपल्याकडे येई कसे? बरेचसे मालाच्या बदल्यात. सतराव्या शतकातील फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए लिहितो की बुऱ्हाणपूरचे तलम कापड इराण, तुर्कस्तान, पोलंडपर्यंत जाई. परदेशी सोने-चांदी सुरतेस उतरे आणि टांकसाळीत वितळून त्याच्या मोहरा व रुपये होत. म्हणजे त्या सोन्यात खानदेशच्या विणकराचाही घाम आहे.

आता व्यवहाराची गोष्ट. घरात वडिलोपार्जित मोहर असेल तर ती मुशीत घालण्यापूर्वी जाणकाराला दाखवा. वितळल्यावर फक्त सोन्याचा भाव मिळतो, नाण्याचा जातो. कोणी विकायला आणली तर आधी वजन करा, काठ पाहा, अक्षरे वाचून घ्या. ओतीव नाण्याची अक्षरे बोथट दिसतात. जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचा पुरलेला ठेवा सापडला तर १८७८ च्या कायद्याने कलेक्टरला कळवणे सक्तीचे आहे. शंभर वर्षांहून जुन्या नाण्यांचा व्यापार १९७२ च्या कायद्याने परवान्याशिवाय करता येत नाही, आणि ती परदेशी पाठवण्यास खाजगी व्यापाऱ्याला बंदी आहे.

स्वस्तात मिळते म्हणून घेतलेली मोहर बहुधा महागात पडते. गिऱ्हाईक पारखतो तसे नाणेही पारखावे.