जुलाब लागले की पाणी तोडू नका. पटकीचं विष शोधणाऱ्या डॉ. शंभूनाथ डे यांनी काय दाखवलं?

पावसाळ्याचं नवं पाणी आलं की गावागावांत जुलाब-उलट्या सुरू होतात. घरातली जुनी माणसं लगेच सांगतात, 'पोराला पाणी देऊ नका, जेवढं पाजाल तेवढं बाहेर पडेल.' ऐकायला खरं वाटतं, पण जीव जातो तो याच समजुतीने. जुलाबात माणूस नेमका कशाने दगावतो, याचं उत्तर कोलकात्यातल्या एका डॉक्टरने सशाच्या आतड्यात शोधलं होतं.

डॉ. शंभूनाथ डे यांचा जन्म १९१५ चा, बंगालमधल्या हुगळी जिल्ह्यातल्या एका खेड्यातला. घरची परिस्थिती बेताची. डॉक्टर झाले, लंडनला जाऊन १९४९ मध्ये पीएचडी केली आणि परत येऊन पटकीच्या, म्हणजे कॉलराच्या मागे लागले. आपल्याकडे गावोगाव मरीआईची देवळं आहेत, ती याच रोगाच्या धास्तीची खूण.

पटकीचा जंतू जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कोलकात्यातच ओळखला होता. पण तो माणसाला मारतो कसा, हे पुढे ७० वर्षं नीट कळलं नव्हतं. कुणी म्हणे विष रक्तात भिनतं, कुणी म्हणे आतड्याचं अस्तर सोलून निघतं. शास्त्रज्ञ जनावरांच्या रक्तात, पोटात जंतू टोचून बघायचे, पण माणसासारखी पटकी काही होईना.

डे यांनी साधा विचार केला. रोग आतड्याचा आहे, तर जंतू आतड्यातच सोडून बघू. सशाच्या लहान आतड्याचा एक तुकडा त्यांनी दोन्ही बाजूंनी दोऱ्याने बांधला आणि मधल्या भागात जंतू सोडले. दुसऱ्या दिवशी तो भाग पाण्याने टम्म फुगलेला! हे काम १९५३ मध्ये छापून आलं. मग त्यांनी जंतू वाढवलेलं पाणी गाळून घेतलं, त्यात एकही जंतू ठेवला नाही. तरी आतडं तसंच फुगलं. म्हणजे जंतू एक विष बाहेर सोडतो, आणि त्या विषामुळे आतडं अंगातलं पाणी आत ओतत राहतं. १९५९ मध्ये 'नेचर' या मोठ्या मासिकात हे प्रसिद्ध झालं.

इथे शेतकऱ्याला समजेल असं सांगतो. पाइप फुटलेला नाही, वॉल उघडा राहिलाय. आतडं शाबूत असतं, फक्त अंगातलं पाणी आणि मीठ वाहून जातं. जितकं गेलं तितकं भरत राहिलं तर माणूस वाचतो.

भरायचं कसं, हे पुढे दुसऱ्या शास्त्रज्ञांनी शोधलं. आतड्यात साखर आणि मीठ जोडीने शोषलं जातं आणि त्यांच्या मागे पाणी जातं. ही वाट पटकीतही चालू असते. ओआरएसची पुडी यावरच उभी आहे. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचं पाणीच पाजलं. तिथे सुमारे ३० टक्के रुग्ण दगावत होते, ते प्रमाण ४ टक्क्यांच्या आत आलं.

महालनबीसांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. डे यांचं नाव नोबेलसाठी सुचवलं गेलं होतं, पण १९८५ मध्ये ते गेले तोवर आपल्या देशाने त्यांना एकही मोठा सन्मान दिला नव्हता. मनाला लागणारी गोष्ट आहे.

आता घरातलं. प्रत्येक जुलाब पटकीचा नसतो, पण पाणी भरून काढणं सगळ्यांतच लागतं. आशाताईंकडे ओआरएस मिळतं. पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात पूर्ण पुडी एकदम टाका, अर्धी नको. केलेलं पाणी २४ तासांत संपवा. पुडी नसेल तर उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यात साखर ६ सपाट चहाचे चमचे आणि मीठ अर्धा चमचा. मीठ जास्त पडलं तर अपाय होतो, गोड कोल्ड्रिंकने जुलाब वाढतात. उलटी झाली तर १० मिनिटं थांबून चमच्या-चमच्याने परत पाजा. अंगावरचं दूध बंद करू नका. लहान मुलांना झिंकच्या गोळ्याही देतात, त्या आशाताईंना विचारून घ्या.

डोळे खोल गेले, लघवी थांबली, पोर सुस्त पडलं, शौचातून रक्त पडलं किंवा तांदळाच्या धुवणासारखे जुलाब होऊ लागले, तर घरी थांबू नका. तडक सरकारी दवाखाना गाठा आणि रस्त्यातही पाजत राहा.