लॉक आणि फ्री

चंदीगडहून सिसवाँच्या बाजूला निघालं की थोड्याच वेळात आखीव सेक्टर मागे पडतात आणि शिवालिकच्या टेकड्यांतून उतरणारे ओढे लागतात. इथे त्यांना ‘चो’ म्हणतात. एरवी नुसती वाळू आणि गोटे. पावसाळ्यात मात्र बघता बघता पूर. असाच एक चो अडवून १९५८ मध्ये सुखना तलाव झाला. बाकीच्यांच्या कोरड्या पात्रांत सुट्टीच्या दिवशी जुन्या जिप्सी आणि जीपा उतरतात. वाळू सुरू होण्याआधी गाडी थांबते. चालक खाली उतरतो, पुढच्या चाकाच्या मधोमध असलेली चकती पिळतो आणि वळसा घालून दुसऱ्या चाकाकडे जातो. चकतीवर दोनच खुणा असतात, लॉक आणि फ्री. मगच तो पुन्हा गाडीत बसून छोटा लिव्हर ओढतो.

नवख्याला वाटतं, लिव्हर ओढला की फोर-व्हील लागलं. अर्धंच खरं. लिव्हर ट्रान्सफर केसमधून पुढच्या शाफ्टला इंजिनाची ताकद देतो. ती ताकद शाफ्टमधून डिफरेन्शियलमध्ये, तिथून दोन्ही बाजूंच्या अ‍ॅक्सलमध्ये आणि अ‍ॅक्सलच्या टोकापर्यंत येते. तिथून चाकापर्यंतचं शेवटचं वीतभर अंतर चकती ज्यावर बसवलेली असते त्या हबच्या हातात असतं. चकती लॉकवर नेली की आतलं दातेरी कडं सरकतं आणि अ‍ॅक्सल चाकाशी जोडला जातो. फ्रीवर नेली की कडं मागे हटतं, चाक आपलं आपण फिरतं आणि आतली सगळी यंत्रणा स्वस्थ पडून राहते.

ही सोय युद्धातल्या जीपला नव्हती. विलिस आणि फोर्ड यांनी मिळून दुसऱ्या महायुद्धात सहा लाखांहून जास्त जीपा बनवल्या. त्यांची पुढची चाकं अ‍ॅक्सलला कायमची बोल्टांनी जखडलेली असत. रणांगणावर ते ठीक होतं. युद्धानंतर याच जीपा स्वस्तात शेतकऱ्यांच्या हाती आल्या आणि डांबरी रस्त्यावर धावू लागल्या, तेव्हा नुसती चाकंच पुढची अख्खी यंत्रणा फुकट फिरवत राहिली. आवाज वाढला, गिअर विनाकारण झिजू लागले, पेट्रोलही थोडं जास्त जाऊ लागलं. यावर अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात आर्थर वॉर्न यांनी १९४८ मध्ये सुटणारे हब बनवायला सुरुवात केली. त्यांची कंपनी आज विंचसाठी ओळखली जाते, पण तिचा पाया हबचा आहे.

आपल्याकडच्या जीपची पाळंमुळं चंदीगडपासून फार दूर नाहीत. १९४५ मध्ये लुधियानात ‘महिंद्र अँड मोहम्मद’ ही पोलादाचा व्यापार करणारी कंपनी उभी राहिली. पुढे तीच महिंद्र अँड महिंद्र झाली आणि मुंबईत विलिस जीप जोडू लागली. १९८५ मध्ये मारुतीची जिप्सी आली आणि लष्कराने ती हजारोंनी घेतली. जवळच चंडीमंदिरला सैन्याच्या पश्चिम कमांडचं मुख्यालय आहे, त्यामुळे हिरवी जिप्सी इथल्या रस्त्यांना नवी नाही. लष्करातून निघालेल्या गाड्या आणि त्यांचे सुटे भाग पंजाब-हरियाणात फिरत राहतात. दोन्ही राज्यांच्या सीमेवरची मंडी डबवाली तर जुन्या भागांतून जीपा जुळवण्यासाठीच प्रसिद्ध आहे. इथे एका गाडीचा हब दुसरीला बसवणं हे रोजचं काम.

चिखलात उतरून चकती पिळायचा कंटाळा येतो, म्हणून ऑटोमॅटिक हब आले. त्यांचे ढोबळ दोन प्रकार. पहिल्यात लिव्हर ओढून गाडी पुढे घेतली की अ‍ॅक्सल फिरू लागतो आणि त्याच जोरावर आतलं तिरप्या काठाचं कडं सरकून चाकाला भिडतं. सोडवायचं असेल तर लिव्हर परत टाकून गाडी थोडी मागे घ्यावी लागते. दुसऱ्यात इंजिनाकडून आलेली व्हॅक्यूमची नळी हे काम करते. सुझुकीच्या जिम्नीत ही पद्धत आहे. दोन्हींत चालकाला सीट सोडावी लागत नाही. पावसात, रात्री, बर्फात हे सुख थोडं नाही.

पण या सुखाला अटी आहेत. पहिल्या प्रकारातलं ग्रीस थंडीत घट्ट झालं किंवा जुनं होऊन वाळलं की कडं अर्ध्यावर अडतं. रुतलेली गाडी आपण पुढे-मागे हलवतो. तेव्हा अ‍ॅक्सलवरचा ताण दर वेळी उलटतो आणि काही जुन्या रचनांमध्ये हब सुटतो, पुन्हा लागतो. नेमकी गरज असते तेव्हाच. दुसऱ्या प्रकारात रबरी नळीला बारीकशी चीर पुरते. म्हणून जुनी गाडी घेतलेला माणूस चंदीगडमधल्या मनीमाजऱ्याच्या मोटर मार्केटमध्ये ऑटोमॅटिक काढून हाताचा हब बसवायला आला, तर मिस्त्रीला त्याचं नवल वाटत नाही.

हाताच्या हबमध्ये बिघडण्यासारखं थोडंच असतं, म्हणून चूक बहुधा माणसाची निघते. वाळूत रुतल्यावर हब आठवणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. तोवर चकती वाळूखाली गेलेली असते. घाईत एकच बाजू लॉक केली तर डिफरेन्शियल सगळी ताकद मोकळ्या बाजूला सोडून देतो आणि पुढचं एकही चाक ओढत नाही. जाणते चालक म्हणूनच हिमाचलातल्या नारकंड्याच्या बर्फाकडे निघताना खालीच दोन्ही हब लॉक करून ठेवतात. लिव्हर मात्र टू-व्हीलवर. त्याने थोडी झीज होते एवढंच, पण बर्फ लागला की लिव्हर ओढणं पुरतं. कोरड्या डांबरावर फोर-व्हील लावायचं नाही हे पथ्य वेगळं; वळणावर पुढची-मागची चाकं सारखं अंतर कापत नाहीत आणि तो पीळ गिअरवर येतो.

हाताचा हब अडचणीतही कामाला येतो. पुढचा अ‍ॅक्सल तुटला तर दोन्ही चकत्या फ्री करून मागच्या चाकांवर घर गाठता येतं. पावसाळ्यात गोव्यात भरणाऱ्या ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज’ या ऑफ-रोड स्पर्धेत चंदीगडचे चालकही उतरतात. तिथल्या लाल चिखलात अ‍ॅक्सल तुटणं ही काही अपूर्वाई नाही.

या सगळ्यात सर्वांत फसवा असतो डॅशबोर्डवरचा दिवा. जुन्या गाड्यांत त्याचा स्विच ट्रान्सफर केसवर असतो. लिव्हर सरकला की दिवा लागतो; हब लागला की नाही हे त्याला ठाऊकच नसतं. ऑटोमॅटिक हबवाल्याकडे दिव्याशिवाय दुसरा साक्षीदार नसतो. हाताच्या हबवाल्याला चकती दिसते. तरी हाताच्या हबची खात्री करायची तर एक उपाय आहे: मागच्या चाकांना ओट लावून लिव्हर टू-व्हीलवर ठेवायचा, पुढचं एक चाक जॅकवर उचलून हाताने फिरवायचं आणि खाली वाकून बघायचं. चाकासोबत अ‍ॅक्सल फिरला तर लॉक, स्थिर राहिला तर फ्री.

दुपारी गाड्या चोतून वर येतात. डांबर लागण्याआधी चालक पुन्हा उतरतात, चकत्या फ्री करतात. गप्पांच्या नादात एखाद्याची डावीकडची राहून जाते. सोबतचा कुणी जाता जाता वाकतो, हाताने पिळतो आणि आपल्या गाडीकडे वळतो.