पिकअप ट्रकच्या इंजिनातील चिवट मिसफायर : निदानाची तर्कपद्धती

प्रस्तावना :
पेट्रोल इंजिनाच्या एखाद्या सिलिंडरमधील मिश्रण ठरलेल्या क्षणी पेटले नाही, किंवा अर्धवट पेटले, तर त्यास मिसफायर असे म्हणतात. गॅरेजच्या बोलीत यालाच 'मिसिंग' हा सुटसुटीत शब्द रूढ आहे. दोष क्षुल्लक वाटला तरी त्याचे परिणाम तसे नसतात. न जळलेले इंधन उत्प्रेरक परिवर्तकात जाऊन पेटते, त्याचे तापमान बेसुमार वाढते आणि एका कॉइलच्या दुरुस्तीवर भागणारे काम महागडा परिवर्तक बदलण्यापर्यंत जाते. प्रस्तुत लेखात फोर्ड एफ-150 या अमेरिकी पिकअप ट्रकमधील 5.4 लिटर, प्रति सिलिंडर तीन झडपांच्या 'ट्रायटन' व्ही-8 इंजिनाच्या आधारे या निदानामागील तर्काचा विचार केला आहे. हे इंजिन एफ-150 मध्ये 2004 ते 2010 या मॉडेल वर्षांत वापरले गेले. आपल्याकडील बहुतांश पिकअप वाहने डिझेलवर चालतात. तेथे ठिणगीचा प्रश्नच उद्भवत नाही. तथापि तर्काची रीत दोन्हीकडे सारखीच आहे.

संगणकाला मिसफायर कसा कळतो?
अमेरिकेत 1996 या मॉडेल वर्षापासून मोटारी व हलक्या ट्रकना ओबीडी-2 ही निदानप्रणाली सक्तीची झाली. ही प्रणाली ठिणगी पाहत नाही. ती क्रँकशाफ्टची गती पाहते. आठ सिलिंडरांच्या या इंजिनात क्रँकशाफ्टच्या दर 90 अंशांना एक ज्वलन होते. मिनिटाला 600 फेरे धरले तर सेकंदाला 40 ज्वलने, म्हणजे दोन ज्वलनांत अवघे 25 मिलिसेकंद. एखादे ज्वलन चुकले की तेवढ्यापुरती क्रँकशाफ्ट किंचित मंदावते. त्यावरून संगणक सिलिंडर ओळखतो आणि पी-0301 ते पी-0308 यांपैकी संकेतांक नोंदवतो. दोष निश्चितपणे एका सिलिंडरशी जोडता आला नाही, तर पी-0300 नोंदला जातो. चुकांची मोजणी 200 व 1000 फेऱ्यांच्या टप्प्यांत होते. पहिली मोजणी परिवर्तकाच्या सुरक्षिततेसाठी, तर दुसरी प्रदूषणाच्या मर्यादेसाठी. त्यामुळे चालकाला हिसके जाणवत असूनही दिवा लागलेला नाही, अशी स्थिती संभवते. दिवा उघडझाप करू लागला तर मात्र परिवर्तक धोक्यात आहे असे समजून भार तत्काळ कमी करावा.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे : संकेतांक स्थान सांगतो, कारण नव्हे. पी-0303 याचा अर्थ 'तिसऱ्या सिलिंडरची कॉइल बिघडली' असा होत नाही. तो तसा लावला की आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत होते. सुटे भाग बदलले जातात आणि मिसिंग तसेच राहते.

ठिणगीची बाजू :
दाब जितका अधिक, तितके प्लगच्या फटीतून ठिणगी पाडण्यास लागणारे व्होल्टेज अधिक. म्हणून दुर्बल कॉइल किंवा चिरलेले रबरी आवरण इंजिन रिकामे चालताना निभावून नेते आणि चढावर, वरच्या गिअरमध्ये, कमी फेऱ्यांवर हिसके देऊ लागते. मिसफायर केव्हा होतो, हा प्रश्न कोठे होतो याइतकाच मोलाचा आहे. बिघाडाच्या क्षणीचा वेग, भार व तापमान संगणक साठवून ठेवतो. ही नोंद पुसण्यापूर्वी अवश्य वाचावी.

या इंजिनात प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असल्याने एक सोपा प्रयोग करता येतो. तिसऱ्या सिलिंडरची कॉइल पहिल्यावर बसवावी आणि गाडी त्याच परिस्थितीत चालवावी. दोष पहिल्यावर सरकला तर कॉइल अथवा तिचे आवरण दोषी. तिसऱ्यावरच राहिला तर ती निर्दोष. प्लग काढताना मात्र फार सावध असावे. या इंजिनाचे मूळ प्लग दोन भागांचे होते. त्यांचा लांब खालचा भाग काजळीमुळे हेडमध्ये घट्ट बसतो आणि तुटून आतच राहतो. इंजिन थंड असताना प्लग किंचित सैल करून, कार्ब्युरेटर क्लीनर सोडून, काही वेळ थांबून मगच तो मागेपुढे फिरवीत काढावा लागतो. घाईची किंमत येथे रोख मोजावी लागते.

इंधन, हवा व दाब :
मिसफायर केवळ रिकाम्या चालीत होत असेल, तर इनटेक मॅनिफोल्डमधून शिरणाऱ्या अनाहूत हवेचा संशय घ्यावा. गळतीचे प्रमाण तेथे सर्वाधिक असते. फेरे 2500 पर्यंत नेले की इंधन-दुरुस्तीचा आकडा खाली येतो. उलट, भाराबरोबर तो वाढत गेला तर इंधनाचा पुरवठा अपुरा आहे. पण या आकड्यात एक फसवणूक दडलेली आहे. ठिणगी न पडल्यास त्या सिलिंडरमधील ऑक्सिजन तसाच बाहेर पडतो, संवेदक 'मिश्रण पातळ आहे' असे सांगतो आणि संगणक अकारण इंधन वाढवतो. म्हणजे पातळ मिश्रणाची नोंद हे मिसफायरचे कारण नसून त्याचा परिणामही असू शकतो.

एकाच बाजूचे चारही सिलिंडर, म्हणजे पाच ते आठ, चुकत असतील तर चार कॉइल एकदम बिघडल्याचे मानणे तर्काला धरून नाही. त्या बाजूच्या कॅमशाफ्टची वेळ बदलणारी यंत्रणा किंवा चोंदलेला परिवर्तक यांकडे वळावे. ही यंत्रणा तेलाच्या दाबावर चालते, तेव्हा तेलाची स्थितीही तपासावी.

एवढे होऊनही एकच सिलिंडर हटून बसला असेल, तर दाबाची चाचणी टाळता येत नाही. गळती-चाचणीत सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडतात आणि ती कोठून निसटते ते ऐकतात : थ्रॉटलपाशी सळसळ असेल तर आत घेणारी झडप, धुराड्यात असेल तर बाहेर सोडणारी, तेलाच्या झाकणातून असेल तर पिस्टन-रिंग, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट.

दुरुस्तीनंतर संकेतांक पुसून, साठवलेल्या नोंदीतील वेग व भार पुन्हा साधेल अशा रस्त्यावर, तितक्याच तापलेल्या इंजिनाने गाडी चालवावी आणि त्या सिलिंडरच्या चुकांचा मोजणी-आकडा पाहावा. तो शून्यावर राहिला नाही, तर काम अजून संपलेले नाही.