आम्लपित्त व जठरव्रण
जठरातील आम्लयुक्त रस अन्ननलिकेत वर आल्याने छातीत जळजळ होते. पुण्यासह महाराष्ट्रात या त्रासाला 'पित्त' किंवा 'ॲसिडिटी' म्हणतात. आधुनिक वैद्यकानुसार मात्र पित्तरस यकृतात तयार होतो; ही जळजळ मुख्यतः जठरातील हायड्रोक्लोरिक आम्लामुळे होते. जठराच्या किंवा लहान आतड्याच्या आरंभीच्या भागाच्या अस्तरास पडलेल्या जखमेस व्रण किंवा अल्सर म्हणतात.

कारणे
हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू आणि आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके ही व्रणाची दोन प्रमुख कारणे आहेत. या जिवाणूच्या शोधाबद्दल बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन यांना २००५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

निदान
दुर्बिणीतून केलेल्या तपासणीत (एंडोस्कोपी) व्रण दिसतो. जिवाणूसाठी श्वास किंवा शौच तपासतात. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल यांसारखी औषधे सुरू असल्यास जिवाणू असूनही चाचणीत न आढळण्याची शक्यता असते. म्हणून चाचणीपूर्वी ती डॉक्टरांच्या सल्ल्याने किमान २ आठवडे थांबवतात.

उपचार
ही औषधे आम्ल स्रवणाऱ्या पेशींतील 'प्रोटॉन पंप' रोखतात, त्यामुळे व्रण भरून येण्यास अवसर मिळतो. ती साधारणतः जेवणापूर्वी अर्धा तास घेतात. जिवाणूसंसर्गात त्यांच्यासोबत प्रतिजैविके आवश्यक असतात. अन्यथा व्रण पुन्हा उद्भवू शकतो. वेदनाशामकामुळे व्रण झाल्यास ते शक्यतो बंद करतात.

गोळीने जठराच्या कर्करोगाची लक्षणेही तात्पुरती शमू शकतात. त्यामुळे रक्ताची उलटी, डांबरासारखे काळे शौच, गिळताना अडथळा किंवा अकारण वजन घटणे आढळल्यास केवळ गोळीवर विसंबून न राहता त्वरित तपासणी आवश्यक ठरते.