विद्यार्थी पुत्र आणि अमेरिकेंतील प्राप्तिकर

सोळाव्या वर्षानंतर पुत्रास मित्र मानावें, अशी आपल्याकडील जुनी शिकवण आहे. परंतु मित्रत्व आलें म्हणून त्याच्या शिक्षणाचा भार पित्याच्या शिरावरून उतरतो, असें मात्र नाहीं. अमेरिकेच्या प्राप्तिकराच्या कायद्यानें हें सत्य आपल्या परीनें ओळखलें आहे. ज्या वाचकांचे आप्त त्या देशीं स्थायिक झाले आहेत, त्यांच्या उपयोगाकरितां या विषयाचा थोडा विचार आम्ही येथें करीत आहोंत.

कॉलेजांत शिकणारें अपत्य वर्षअखेर २४ वर्षांच्या आंतील असेल आणि त्या वर्षांत निदान ५ महिने पूर्ण वेळ विद्यार्थी असेल, तर आईबापांस त्यास आपलें पोष्य म्हणून दाखवितां येतें. वसतिगृहांत राहिल्यानें तें घराबाहेरचें ठरत नाहीं. विद्येसाठीं झालेला वियोग कायदा तात्पुरता मानतो. मुलानें किती मिळविलें हा प्रश्न नसून, स्वतःच्या निर्वाहाचा निम्म्याहून अधिक खर्च त्यानें स्वतः केला कीं काय, हा खरा प्रश्न आहे. शिष्यवृत्ति या हिशेबांत धरीत नाहींत. त्यानें स्वतःच्या नांवावर काढलेलें कर्ज मात्र त्याच्याच बाजूस धरतात.

घोटाळा होतो तो निराळ्याच ठिकाणीं. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांतील मुलानें सुटींतील नोकरीच्या पगारांतून कापलेला कर परत मिळावा म्हणून स्वतःचें विवरणपत्र धाडलें, आणि आपणांस कोणीहि पोष्य दाखवूं शकत नाहीं, असें अभिमानानें नमूद केलें. पित्याचें पत्रक परत आलें व घरांत अबोला धरला गेला. वास्तविक पोष्य असूनहि मुलास स्वतःचें पत्रक भरतां येतें व कापलेला कर मागतां येतो. दुसरा कोणी आपणांस पोष्य दाखवूं शकतो, एवढी खूण मात्र त्यानें करावयाची असते. शेवटीं मुलानें सुधारलेलें पत्रक धाडलें, तेव्हां तंटा मिटला.

पोष्यामागें मिळणारी जुनी सूट २०१८ पासून बंद झाली. तिच्या जागीं अशा अपत्यामागें ५०० डॉलरपर्यंत कर कमी होतो. आणि कॉलेजच्या पहिल्या चार वर्षांच्या खर्चाबद्दल प्रत्येक विद्यार्थ्यामागें वर्षास २,५०० डॉलरपर्यंत निराळी सवलत आहे. पतिपत्नींचें एकत्रित उत्पन्न १,८०,००० डॉलरांवर गेल्यास ही दुसरी सवलत मिळत नाहीं.

आपल्या एकत्र कुटुंबाच्या कल्पनेशीं हा कायदा कांहीं ठिकाणीं जुळतो, कांहीं ठिकाणीं जुळत नाहीं. अमेरिकेचा नागरिक असलेला पुतण्या किंवा भाचा अर्ध्याहून अधिक वर्ष आपल्या घरीं राहून शिकत असेल, तर वरील अटींवर तोहि पोष्य ठरूं शकतो. पुण्यास राहणारे, भारताचे नागरिक असलेले वृद्ध आईबाप मात्र, सारा खर्च मुलगा पाठवीत असला तरी, तसे ठरत नाहींत.

पत्रकें धाडण्याची मुदत सामान्यतः १५ एप्रिलपर्यंत असते. तत्पूर्वीं एक संध्याकाळ काढून बापलेकांनीं खर्चाचा हिशेब समोर मांडावा व कोणी काय लिहावयाचें तें ठरवावें. मुलास पोष्य म्हटल्यानें त्याच्या कर्तबगारीस उणेपणा येत नाहीं, हेंहि त्याच वेळीं त्यास समजावून सांगावें, अशी आमची सूचना आहे.